चहा गार व्हायच्या आत

माझे सासरे मोटरसायकलबरोबर चहा प्यायचे. हे सांगितलं की लोक हसतात, पण आमच्या घरात त्यात हसण्यासारखं कुणाला काही वाटत नसे. बिबवेवाडीतली आमची सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. रोज पहाटे ते एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात चावी घेऊन दोन जिने उतरायचे. कप पार्किंगच्या बुटक्या कठड्यावर ठेवायचे, गाडीला किक मारायचे आणि ती सुरू झाली की गरम होईपर्यंत तिच्याशेजारी उभं राहून चहा संपवायचे. त्या वेळी कुणी बोलायला गेलं तर नुसतं "हं" म्हणायचे. वर सासूबाई आपला चहा एकट्याच ओट्याशी उभ्या राहून प्यायच्या.

चहा झाला की ते खडकवासल्याला जायचे. कशाला, तर पाणी बघायला. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी धरणाच्या पाण्याचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवण्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर कागद सुटले, पाणी काही सुटलं नाही. धरणाच्या भिंतीजवळ गाडी लावायची, पाण्याकडे बघायचं, टपरीवर दोन ओळखीच्या म्हाताऱ्यांशी वाद घालायचा आणि घरी परतल्यावर जिन्यात जो पहिला भेटेल त्याला बातमी द्यायची. बातमी चांगली असली तर, "आहे हो भरपूर, काळजी नको." नसली तर, "वापरा, वापरा. गाड्या धुवा पाइप लावून. एप्रिलमध्ये बोलू आपण." पाणीकपातीची बातमी आमच्या सोसायटीला पेपरच्या आधी त्यांच्याकडून कळायची, आणि पेपरात नंतर वेगळं काही आलं तर ते पेपरचं चुकलेलं असायचं.

मागच्या दिवाळीच्या थोडं आधी ते घसरले. वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती, वेग काही नव्हता. तळहात खरचटला, पँट गुडघ्यावर फाटली, एवढंच. पण माझा नवरा खराडीच्या ऑफिसातून भर दुपारी घरी आला, यावरूनच प्रकरण काय वळण घेणार हे मला कळलं. तो एरवी ताप आला तरी दुपारी घरी येत नाही.

रात्री जेवताना त्याने विषय काढला. "बाबा, आता गाडी बंद."

"का?"

"वय झालंय."

"गाडीचं की माझं?"

"दोघांचंही," सासूबाई आमटी वाढताना म्हणाल्या. "विका ते धूड एकदाचं. पार्किंगमध्ये तेल सांडून ठेवतंय."

सासरे बराच वेळ जेवत राहिले. मग ताटातून वर न बघताच म्हणाले, "ठीक आहे. ज्या दिवशी ही गाडी माझ्या किकने, माझा चहा गार व्हायच्या आत सुरू होणार नाही, त्या दिवशी चावी तुझ्या हातात देईन. पुन्हा मागणार नाही."

नवरा लगेच हो म्हणाला. थंडी तोंडावर आली होती आणि म्हाताऱ्या गाड्या थंडीत रुसतात हे त्यालाही माहीत होतं. मला मात्र ते ऐकून कसंसंच झालं, कारण माझ्या सासऱ्यांचा शब्द म्हणजे काय हे मी पाहिलं होतं. नात्यातल्या एका घरी "पुन्हा पाऊल ठेवणार नाही" असं एकदा ते बोलून गेले होते. पुढे त्या घरातल्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. कार्यालयाच्या दारापर्यंत आले, आहेर माझ्या हातात दिला आणि बाहेर गाडीवर बसून राहिले. मांडवात कुणीतरी त्यांच्यासाठी जिलबी बांधून दिली, ती मात्र खाल्ली.

तेव्हा चावी गेली की गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि थंडी पडली. यंदा जरा जास्तच पडली. पहाटे खिडकीच्या काचा आतून ओल्या दिसायच्या. किकचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. खर्र, मग शांतता. पुन्हा खर्र. मी अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकायचे आणि माझ्या डोळ्यांसमोर कठड्यावरचा तो कप यायचा. चहावर आधी वाफ, मग वाफ नाही, मग साय धरून तिला सुरकुती पडणार. शेजारी नवराही जागा असायचा. शेवटी एकदाचं इंजिन धरलं, फाट-फाट-फाट करत सुरू झालं, की तो कूस बदलायचा आणि मी उठायचे.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. एका रविवारी सासऱ्यांनी मला खाली बोलावलं. "तू शिकवतेस ना पोरांना? बघ जरा हिला काय झालंय." मदत मागायची त्यांची ही पद्धत. मदत मागतायत असं वाटता कामा नये.

मी पद्धतशीर सुरुवात केली. इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल आणि हवा. पहिल्यांदा ठिणगी. प्लग काढला, टोपीत घालून इंजिनच्या धातूला टेकवला, त्यांनी किक मारली आणि निळी ठिणगी टचकन उडाली. तरी प्लग तेलाने काळा झाला होता म्हणून पॉलिश पेपरने घासला, आणि सासऱ्यांनी तो वर नेऊन गॅसच्या ज्योतीवर धरला. शेजारच्या शेगडीवर पिठलं रटरटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "आज काय, पिठलं आणि प्लग? भाकरी कशाशी खायची तेवढं सांगा." मग पेट्रोल. कॉकखालची नळी सोडून पाहिली, धार व्यवस्थित होती. राहिली हवा. आणि हवेपाशी येऊन मी थांबले, कारण तिथे बारीक तांब्याची तार गुंडाळलेली होती.

ती चोकच्या दांडीला होती. चोक म्हणजे काय, तर इंजिनात जाणारी हवा थोडी अडवायची, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जरा जास्त द्यावं लागतं. गाडी बनवणाऱ्याने ती सोय त्याचसाठी ठेवलेली असते. आणि माझ्या सासऱ्यांनी ती दांडी तारेने बांधून टाकली होती.

"बाबा, ही तार कुणी बांधली?"

"मी."

"का?"

"कुणी चुकून ओढू नये म्हणून."

"अहो, पण ओढायसाठीच असते ती. ओढा ना, एका किकला सुरू होईल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी एकादशीला ऑम्लेट सुचवलं होतं. "चोक ओढला की पेट्रोल पिते. अ‍ॅव्हरेज जातं."

अ‍ॅव्हरेज! तर हे कारण होतं. पुण्यात दुचाकी किती धावते याहून ती एका लिटरला किती धावते याचा मान मोठा असतो, आणि त्या बाबतीत आमच्या घरात साक्षात महर्षीच होते. कार्ब्युरेटरचा स्क्रू ते स्वतः पिळायचे, जेमतेम इंजिन बंद पडणार नाही इतपतच पेट्रोल द्यायचे. त्यांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज ऐकून लोकांना खरं वाटायचं नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर चक्क एका मयताच्या वेळी, त्यांनी ते सांगितलेलं मी ऐकलंय. समोरच्याची गाडी कमी देत असली तर ते काही बोलायचे नाहीत, फक्त हळहळायचे. उन्हाळ्यात ही उपाशी गाडी कशीबशी चालायची. थंडीत तिची ताकद संपायची. दुखणं सापडलं होतं, औषध हाताशी होतं, आणि रोगी ऐकायला तयार नव्हता.

"बाबा, चावी जाईल," मी म्हटलं.

"चोक ओढून सुरू झाली, तर ती चोकने सुरू झाली. माझ्या किकने नाही. मी काय म्हणालो होतो? माझ्या किकने." आणि त्यांनी तार आणखी एक पीळ देऊन घट्ट केली.

मी हात टेकले. वर येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, आणि हसता हसता मधेच थांबला. त्याला जिंकायचं होतं, पण असं नको होतं, असं मला वाटलं.

त्यानंतर मात्र एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. काही दिवस गाडी अगदी शहाण्यासारखी सुरू व्हायची, चहाची वाफ असतानाच. आणि काही दिवस जीव काढायची. मला आधी वाटलं, कमी-जास्त थंडीमुळे असेल. पण तसं नव्हतं. कडाक्याची थंडी असलेल्या दिवशीही ती झटक्यात सुरू झालेली मी ऐकली होती. मग माझ्याआधी सासऱ्यांनीच निष्कर्ष काढला.

"तू दूध आणायला जात जाऊ नकोस," एका सकाळी ते मला म्हणाले.

"का?"

"तू दूध आणतेस त्या दिवशी गाडी लवकर सुरू होत नाही."

दूध रोज सासूबाई आणायच्या. दूधवाला पहाटे फाटकापाशी येतो, पिशव्या तिथून उचलून आणायच्या असतात. सासूबाईंचे गुडघे फार दुखत असले की त्या मला आदल्या रात्री सांगायच्या, मग मी उतरायचे. मी फिजिक्स शिकवते, मला कुणी पनवती म्हटलेलं चालत नाही. मी भयंकर चिडले. पण चिडून झाल्यावर आठवून पाहिलं तर ते खरंच होतं. नुकतंच मी दूध आणलं त्या दिवशी तर गाडी इतक्या उशिरा सुरू झाली, की सासऱ्यांनी धापा टाकत कप ओठांना लावला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोमट आहे." मी कठड्यापाशीच उभी होते. त्या कपातून वाफेचा एक धागाही निघत नव्हता. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाला एका घोटासाठी बोलावं लागलं, याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

मग मी एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. एका पहाटे सासरे उतरायच्या आत खाली जाऊन इंजिनला हात लावला. सासूबाई तेव्हा दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. "कशाला गं आलीस?" म्हणाल्या आणि वर गेल्या. इंजिन रात्रभर थंडीत उभं होतं, हाताला झोंबेल इतकं गार असायला हवं होतं. ते कोमट होतं. सगळीकडे नाही, कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या बेचक्यात.

माझा पहिला संशय असा, की कुणीतरी रात्री गाडी बाहेर काढतंय. सोसायटीतल्या कॉलेजच्या दोन मुलांवर मी मनातल्या मनात खटलाही चालवला. पण गाडी चालवली तर सगळं इंजिन तापतं, एक कोपरा नाही. हे काही मला पटेना. दुसऱ्या दिवशी मी आणखी लवकर उठले आणि पायात चप्पल न घालता जिना उतरले.

सासूबाई कठड्यावर गाडीला खेटून बसल्या होत्या. अंगावर शाल, डोक्याला स्कार्फ. एक हात गाडीच्या टाकीखाली गेला होता आणि त्या हाताखाली त्यांची गरम पाण्याची पिशवी होती. तीच, गुडघे शेकायची, लाल रबराची. सासऱ्यांचा जुना हिरवा स्वेटर उसवून त्या लोकरीचं कव्हर त्यांनी तिला विणलं होतं. ती पिशवी इंजिनच्या बेचक्यात नीट बसवून त्या दूधवाल्याची वाट बघत होत्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी धरून बसावं, तशा.

मला बघून दचकल्या, पण क्षणभरच. "आलीस? बस. ओरडू नकोस."

मी बसले. थोड्या वेळाने विचारलं, "आई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? माझा गुडघा शेकल्याशिवाय हलत नाही. म्हटलं, हिचंही वय झालंय, हिचंही तसंच असेल."

मला हसू आलं, कारण त्यांचं निदान सपशेल चुकीचं होतं आणि उपाय बरोबर होता. मग हसू गेलं. "पण तुम्हीच तर म्हणता, विका ते धूड."

"म्हणते की. ते तर म्हणायलाच हवं." त्यांनी पिशवी उलटी केली, गरम बाजू इंजिनकडे. "यांच्या थोरल्या भावाने स्कूटर सोडली तेव्हा तू नव्हतीस. मुलांनी चांगल्यासाठीच सोडायला लावली. मग खिडकीपाशी खुर्चीत बसायला लागले. आधी म्हणायचे, मला भाजीला तरी पाठवा. मग तेही म्हणेनासे झाले. मग पेपर मागेनासे झाले. काही आजार नव्हता गं. नुसते बसून बसून गेले." त्यांनी शाल सावरली. "हे शब्दाचे पक्के आहेत. चावी दिली की मागायचे नाहीत. आणि मला त्या खुर्चीत यांना बघायचं नाहीये. मला नाही झेपायचं ते."

असं सरळ बोललेलं मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात माया टोमण्यातून कळायची, ज्याला कळेल त्याला. आणि खरं सांगते, मला हेवा वाटला. माझ्या नवऱ्याची गाडी बटणाने सुरू होते, तो हेल्मेट घालून खराडीला जातो आणि मी खिडकीतून बघतही नाही. त्याची काही वस्तू अशी पहाटे उठून शेकत बसावी, इतकं काही मला त्याचं कळलंय का, हा प्रश्न त्या कठड्यावर माझ्या मनात आला आणि अजून पुरता गेलेला नाही.

"त्याला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. 'त्याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला. "आणि यांना तर मुळीच नाही. यांना कळलं तर संपलं."

मी सांगितलं नाही. पण माझं मन दोन्हीकडे ओढलं जायचं. नवऱ्याचं चुकत होतं असं नाही. सिंहगड रोडची रहदारी मी पाहते, बाबांची नजर पूर्वीसारखी राहिली नव्हती हेही पाहत होते. वाळू पुन्हा कुठेतरी सांडणारच होती. काही झालं असतं तर मी, माहीत असून गप्प बसलेली, कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? तरी रोज पहाटे फाट-फाट ऐकू आलं की मला बरं वाटायचं. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला, आणि सासूबाईंचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं, जिना तर नावालाही नको. रात्रभर त्या कण्हत होत्या. पहाटे मी त्यांच्या खोलीत डोकावले, तर त्यांनी खुणेने जवळ बोलावलं आणि उशाशी ठेवलेली पिशवी माझ्या हातात दिली.

"भर आणि जा पटकन. हे संडासात असतील. आज फार गारठा आहे."

"आई, आज तरी ही तुमच्या गुडघ्याला—"

"जा म्हटलं ना."

मी पाणी तापवलं, पिशवी भरली, पदराखाली झाकून खाली गेले. सासरे संडासात नव्हते. सासूबाईंचं कण्हणं ऐकत बसवेना म्हणून ते केव्हाच खाली आले होते. कठड्यावर कप होता. ते वाकून, एक हात सीटवर टेकून धापा टाकत होते. गाडी बंद होती.

त्यांनी मान वर केली आणि त्यांना पिशवी दिसली. मी ती मागे लपवली असती, पण हिरवं कव्हर लपत नाही. तो स्वेटर त्यांनी पुष्कळ वर्षं वापरला होता.

"ही इथे कशाला?"

जिन्यात मी दोन-तीन थापा तयार केल्या होत्या. एकही आठवली नाही. "इंजिनसाठी," मी म्हटलं.

त्यांनी इंजिनवर तळहात ठेवला. मग तोच तळहात पिशवीवर ठेवला. धरणाच्या पाण्याचा अंदाज नुसत्या नजरेने करणारा माणूस, त्यांना फार वेळ लागला नाही.

"रोज?"

"मी दूध आणते ते दिवस सोडून."

ते कठड्यावर बसले. म्हणाले, "म्हणजे तू पनवती नव्हतीस."

"नव्हते."

"दोन जिने," ते म्हणाले. "त्या गुडघ्याने. आणि मी वर बसून म्हणायचो, दूध आणायला हिला एवढा वेळ का लागतो." त्यांचा आवाज फुटला. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण आपल्याकडे बघितलेलं त्यांना आवडलं नसतं.

मग त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला. या वेळी कोमट म्हणाले नाहीत. "गार आहे," म्हणाले आणि चहा कठड्यामागच्या जास्वंदीच्या बुडाशी ओतून टाकला. गाडीच्या बाजूच्या पेटीतून पक्कड काढली, चोकवरची तार तोडली, दांडी ओढली आणि किक मारली. एकाच किकला सुरू झाली. थोडा वेळ तिला तशीच चालू दिली, नीट ऐकली आणि बंद केली. पिशवी माझ्या हातात होती ती त्यांनी आपल्या हातात घेतली आणि आम्ही दोघं वर आलो.

आधी त्यांनी पिशवी सासूबाईंच्या गुडघ्यावर ठेवली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मग ते बाहेर आले आणि दात घासत असलेल्या माझ्या नवऱ्यासमोर चावी धरली.

"घे."

"सुरू झाली की बाबा. मी ऐकलं ना."

"चहा गार झाल्यावर. आणि याच्या आधी सुरू व्हायची, तीही माझ्या किकने नाही. हरलोय मी. घे."

तोंडात फेस असलेला नवरा माझ्याकडे बघायला लागला. मग मी त्याला सगळं सांगितलं, तिथेच, बेसिनपाशी. पिशवी, कठडा, थोरल्या काकांची खुर्ची, सगळं. त्याने चूळ भरली, तोंड पुसलं आणि चावी घेतली. गेले काही महिने त्याला हीच हवी होती. आता ती हातात आल्यावर ती कुठे ठेवायची हे त्याला कळेना. तो चावी घेऊन आईच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. तिच्या गुडघ्याकडे बघत राहिला.

"इकडे दे ती," सासूबाई म्हणाल्या.

"शब्द मी त्याला दिलाय," सासरे मागून म्हणाले.

"त्याला दिलात ना? मग झालं की. पाळलात शब्द. आता तो मला देतोय." त्यांनी हात पुढे केला आणि नवऱ्याने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्याने माझ्याशी किंवा कुणाशी त्याबद्दल वाद घातला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त "वाळू दिसली की थांबायचं, बाबा," एवढं म्हणाला.

सासूबाईंनी चावी उशाशी ठेवली. "रोज इथून न्यायची. ऊन पडल्यावर, अंधारात नाही. तुम्हाला कुठे मस्टरवर सही करायची आहे आता? आणि तो काय तो चोक, तो ओढायचा."

"अ‍ॅव्हरेज जाईल," सासरे पुटपुटले.

"जाऊ दे."

ते पलंगाच्या कडेला बसले. चावीकडे बघत राहिले. "पण मी म्हणालो होतो, पुन्हा मागणार नाही."

"नका ना मागू," सासूबाई म्हणाल्या. "मी देईन."

आता उन्हाळा आहे. गाडीला चोक लागत नाही, सासूबाईंचा गुडघा उतरलाय, दूध त्या पुन्हा स्वतः आणतात, गरम पाण्याच्या पिशवीशिवाय. अ‍ॅव्हरेज खरंच गेलं. बाबा ते आता कुणाला सांगत नाहीत, आणि लोकांना वाटतं गाडी विकली. चावी अजूनही सासूबाईंच्या उशाशी असते. सकाळी ऊन पडेपर्यंत सासरे त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून चहा घेऊन बसतात. आधी मी त्या खुर्चीला घाबरले होते, पण या खुर्चीतून ते रोज उठतात. मागत काही नाहीत. सासूबाई चावी देईपर्यंत थांबतात, आणि त्या स्वतःचा चहा संपल्याशिवाय देत नाहीत.

परवा ते गेल्यावर मी त्यांचा कप विसळायला उचलला. हिवाळाभर त्या चहाशी शर्यत लावणाऱ्या माणसाने तो गप्पांच्या नादात अर्धाच प्यायला होता. बाकीचा तसाच होता, पार गार.